कुणाचे तीन?

रोपवेची कळ एक बाई ओढते हे कळलं की प्रवासी आधी बाईकडे बघत आणि मग दोराकडे. दोर तुटणार नाही ना, असं विचारणारे निम्मे. तुम्हाला नीट येतं ना, असं विचारणारे निम्मे. ताई दोघांनाही एकच उत्तर द्यायची, “बसा तर खरं.” खालच्या स्थानकात तिला सगळेच ताई म्हणत. तिकीटवाला तिच्यापेक्षा वयानं मोठा, पोटानं तर फारच मोठा, तोही ताई म्हणे. पण सख्खी ताई ती एकाचीच होती, बारकूची.

बारकू तिचा धाकटा भाऊ. लहानपणी किडकिडीत होता म्हणून चिकटलेलं नाव. अंग वाढलं, नाव काही वाढलं नाही. स्थानकाच्या दारातून आत येताना त्याला मान तुकवावी लागे. रोपवेवर वंगण घालायचं काम त्याचं. डोंगरावर दोराला आधार द्यायला लोखंडी खांब आहेत, आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर चाकांची रांग. दोर त्या चाकांवरून सरकतो. चाकांना वंगण लागतं आणि ते दोर थांबलेला असतानाच घालता येतं. दोर चालू असताना तिथं बोट नेलं तर बोट विसरायचं. त्याला या कामावर ताईनंच लावलं होतं. आई म्हणाली होती, “आधीच एवढा उंच पोरगा, त्याला आणखी उंच कशाला चढवतेस?” त्यावर ताई पोट धरून हसली होती.

दोघांची कामाची एक रीत होती. दुपारी रोपवे बंद करायचा. बारकूनं वंगणाचा डबा घेऊन त्या दिवसाच्या खांबावर जायचं, काम उरकायचं, पायवाटेनं खाली यायचं, आणि ताईच्या खिडकीत तोंड दाखवून म्हणायचं, “झालं.” मग ताई कळ ओढणार. तोंड दिसल्याशिवाय ओढायची नाही. रांगेतले प्रवासी बोंबलू देत, वरचे साहेब फोन करू देत, ताई आपली खिडकीकडे डोळे लावून बसलेली. एकदा तो वाटेत चहाच्या टपरीवर गप्पा छाटत बसला आणि सगळा रोपवे त्याच्यासाठी खोळंबला. त्या दिवशी तिनं त्याला चार लोकांत असं झापलं, की तिकीटवाल्यालाही त्याची दया आली. पण कळ काही तिनं त्याचं तोंड दिसेपर्यंत ओढली नव्हती.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. कपडे इस्त्रीचे, बोलणं अदबीचं, आणि मनगटाकडे बघायची खोड. महिन्याभरात सगळ्यांनी त्यांचं नाव घड्याळसाहेब पाडलं. थांबलेला दोर बघितला की त्यांच्या पोटात दुखायचं. भिंतीवरचं घड्याळ एक सांगतं, ताईचा फोन दुसरं, बारकूचा तिसरंच, आणि यावरून रोज तू-तू मी-मी. हे त्यांना बघवेना. शेवटी त्यांनी सगळ्यांना समोर उभं केलं.

“वंगणाला दोन ते तीन. तीनला कळ ओढायची. वंगणवाल्यानं त्याआधी खांबावरून उतरायचं, मग वाटेवर कुठंही असू दे. खाली येऊन तोंड दाखवायची गरज नाही. आणि सगळ्यांनी आत्ता, माझ्यासमोर, फोनच्या सेटिंगमध्ये जा. वेळ आपोआप, हे चालू करा. टॉवरकडून वेळ येते. सगळ्यांची एकच, सेकंदाचाही फरक नाही.”

आता यात एक गोम होती. डोंगराच्या कड्यापलीकडे दुसरा देश, आणि तिकडचं घड्याळ एक तास मागे. वरच्या स्थानकावर फोन कधी इकडचा टॉवर पकडे, कधी तिकडचा. म्हणून इथली माणसं आपोआप वेळेच्या भानगडीत पडत नसत, फोनचं घड्याळ हातानंच लावत. तिकीटवाल्यानं हे साहेबांना सांगितलंही.

“वरच्या स्थानकावरच्यांनी नका करू मग,” साहेब म्हणाले. “खांबांवर काय पकडतं?”

“खांबांवर कसलं काय? तिथं कुठलंच नेटवर्क नाही. वाटेच्या वळणाला आलं की मग आपलं येतं.”

“म्हणजे खाली जी वेळ घेतली, तीच घेऊन फोन वर जाणार. मग अडचण काय?”

हिशेब अगदी बिनचूक होता. फक्त पलीकडच्या लोकांनी त्याच सुमारास कड्याच्या टोकाला नवा टॉवर उभारला, हे इकडं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि त्यांनी तरी ते आपल्याला येऊन कशाला सांगावं?

पहिले काही दिवस नवी रीत तेलासारखी चालली. वळणाच्या अलीकडचे, खालचे खांब होते, सगळं मजेत. खरं सांगायचं तर ताईलाही ती आवडायला लागली. रोजची ती खिडकीकडे बघत बसण्याची कटकट गेली. रांगेतल्या लोकांच्या शिव्या गेल्या. तीन वाजले की ओढायचं, डोक्याला ताप नाही. बारकू नंतर सावकाश यायचा, कधी मागच्या दारानंच निघून जायचा. “आता माझं तोंडसुद्धा बघवत नाही वाटतं तुला,” असं तो एकदा म्हणाला. “आधी तरी कुठं बघवत होतं?” असं ती म्हणाली, आणि दोघं हसली.

त्या दिवशी सहाव्या खांबाची पाळी होती. वळणाच्या वरचा खांब, उघड्या कातळावर. सकाळपासून वारा सुटला होता. बारकू वंगणाचा डबा घेऊन गेला. दोनला ताईनं प्रवाशांचे डबे रिकामे असल्याची खात्री केली, दोर थांबवला, आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. हळूहळू रांग वाढली. एक कुटुंब सगळ्यात पुढं उभं होतं. नवरा-बायको आणि दोन मुली. धाकटी कठड्याला लोंबकळत सारखी विचारत होती, किती वाजले, किती वाजले.

तीन वाजले. ताईनं फोनकडे बघितलं, ते कुटुंब पहिल्या डब्यात बसल्याचं बघितलं आणि कळ ओढली. मोठं चाक कुरकुरलं, फिरलं, दोर हलला. डबा फलाटाबाहेर गेला. मुलीनं आतून हात हलवला.

आणि धाडकन सगळं थांबलं. डबा पुढंमागं झुलायला लागला, मुली किंचाळल्या. समोरच्या फळीवर तांबडा दिवा लागला.

हे काही नवीन नव्हतं. दोरात कुठं काही अडकलं की यंत्र आपणहून बंद पडतं. वाऱ्यात झाडाची फांदी येते, कधी एखादं पाखरू. मग दिव्याखालचं बटण दाबायचं आणि पुन्हा कळ ओढायची. दोर एक हिसका देतो, जे अडकलं असेल त्याचा भुगा होतो आणि गाडी सुरू.

“फांदी असेल,” मागून साहेब म्हणाले. “ओढा पुन्हा. लहान मुलं आहेत आत.”

ताईनं बटण दाबलं. कळीवर हात ठेवला. हात ठेवता ठेवता सवयीनं तिनं दिव्याकडे बघितलं. प्रत्येक खांबाला फळीवर एकेक दिवा आहे, कुठं अडकलं ते कळावं म्हणून. लागला होता सहाव्याचा.

सहाव्या खांबाजवळ झाड कुठलं?

तिथं गवताची काडीसुद्धा उगवत नाही. नुसता काळा कातळ आणि वर लोखंड. तिनं कळीवरचा हात असा उचलला, जसा तापलेल्या तव्यावरून उचलावा.

“ओढा ना.”

“बारकू सहावर होता.”

“होता. पण आता तीन वाजून गेलेत. तो वाटेवर असणार.”

ताईनं फोन लावला. ज्याला फोन करताय तो संपर्काच्या बाहेर आहे, असं ती ठरलेली बाई बोलली. पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई, त्याच थंड आवाजात.

“वाटेवर असता तर लागला असता,” ताई म्हणाली. “वळणाच्या खाली आला असता तर लागला असता, साहेब.”

साहेब काहीतरी म्हणाले. बारकू कुठं बसला असेल, नाहीतर फोनची बॅटरी गेली असेल, आणि डब्यातल्या लोकांनी तक्रार केली तर. सगळं शक्य होतं. बारकू टवाळ होता, कुठं बसलाही असेल. पण ताईच्या डोळ्यांसमोर ते बटण होतं आणि ती कळ होती. आणखी एक श्वास, आणि तिनं ती ओढली असती. ओढलीच होती जवळजवळ. तिनं यंत्राची चावी उपसली आणि मुठीत धरली.

“अहो, चावी कुठं नेताय?”

“माझ्याकडे राहील. कुणी हात लावायचा नाही. डब्यातल्यांना शिडी लावून उतरवा, फार उंच नाहीत ते.” आणि ती पळाली.

ती वाट तिला पाठ होती, पण आज ती संपेचना. चढण पायाला लागत होती, वारा पुढून ढकलत होता, आणि डोक्यात नको नको ते येत होतं. त्याचा हात. आधी तिला त्याचा हातच दिसला, मग त्याचं डोकं, मग तिनं स्वतःशीच ‘नाही, नाही’ असं मोठ्यानं म्हटलं. आईला काय सांगायचं? बारकू गेला, असं? बारकूला मी, असं? ती वाकून उभी राहिली, आणि पुन्हा पळायला लागली. मागून तिकीटवाला धापा टाकत येत होता. एरवी तो फलाटाच्या चार पायऱ्याही तीनदा थांबून चढे.

वळणावर चहावाल्या मावशीची टपरी आहे. मावशी बाहेर उभी होती, तोंडावर हात धरून, वर बघत.

“अगं ताई, मी किती हाका मारल्या,” ती म्हणाली. “वाऱ्यात ऐकूच जात नाही कुणाला. तो बघ ना कसा…”

ताईनं वर बघितलं.

खांबाच्या माथ्यावर बारकू लटकत होता. पाय शिडीवर नव्हते, हवेत होते. तो मेला, असं तिला वाटलं. ती तिथंच खाली बसली. मग त्याचा एक पाय हलला, शिडी शोधत असल्यासारखा. ती कशी उठली, उरलेली वाट कशी चढली, हे तिला नंतर कधीच आठवलं नाही.

इतकी वर्षं ताईनं दोर चालवला होता, पण खांबावर कधी चढली नव्हती. तिला उंचीची भीती वाटे. ही गोष्ट फक्त बारकूला माहीत होती आणि तो तिला त्यावरून छळायचा. आता ती शिडीला धरून चढली, खाली न बघता, एकेक आडवा गज मोजल्यासारखा घट्ट पकडत. वारा शिडीतून शीळ घालत होता. त्याच्या बुटांपर्यंत पोचली आणि तिनं वर बघितलं.

त्याच्या कमरेचा पट्टा चाकात गेला होता. काम करताना पडू नये म्हणून बांधायचा पट्टा. दोर हलला तेव्हा त्याचं मोकळं टोक दोराखाली ओढलं गेलं आणि मागोमाग बारकू. छातीपर्यंत पट्टा आवळला होता, छाती चाकाच्या कडेला दाबली गेली होती. त्यानं दोन्ही हात कसेबसे बाहेर ठेवले होते. तोंड काळंनिळं. अजून एक हिसका बसला असता तर पट्टा आत गेला असता, आणि पट्ट्यात तो होता.

“ताई,” तो म्हणाला. श्वास पुरत नव्हता. “का ओढलंस गं?”

“तीन वाजले होते, बारकू.”

“दोन… नुकते दोन वाजून गेलेत. दोर लवकर थांबवलास वाटलं. तास होता ना माझा.”

“तीन वाजले रे. तीन वाजले म्हणून…”

“खिशात बघ.”

तिनं एका हातानं गज धरला आणि दुसऱ्यानं त्याच्या पँटच्या खिशातून फोन ओढला. दोन वाजून बावीस. तिला काही समजेना. तिनं आपला फोन काढला, चूक कुणाची हे निदान डोळ्यांना दिसावं म्हणून. त्यावरही दोन वाजून बावीस.

त्या क्षणी ताईला वाटलं की आपल्या डोक्यावर परिणाम झाला. आपण खरंच तासभर आधी ओढलं. रांग, साहेब, ती सारखी वेळ विचारणारी मुलगी, सगळं आपण कल्पनेत बघितलं, आणि आपल्या भावाला आपण दिवसाढवळ्या चाकात घातलं. शिडी हातातून सुटेल की काय, असं तिला झालं. मग तिच्या नजरेला फोनच्या वरच्या कोपऱ्यातलं नाव पडलं. ते इकडच्या कंपनीचं नव्हतं. पलीकडचं होतं, पलीकडच्या लिपीतलं. टॉवरनं आपली वेळ पाठवली होती आणि दोन्ही फोनांनी ती निमूट घेतली होती.

“बारकू, पलीकडचा टॉवर पकडलाय. तुझा पण, माझा पण.”

“पट्टा काप,” तो म्हणाला.

“कापला तर पडशील.”

“मग?”

मग काय, ते तिला माहीत होतं. दोर हातभर मागं घ्यायचा. पट्टा ढिला पडेल, त्याचा पाय शिडीवर येईल. मागं घ्यायची वेगळी कळ आहे, हळू चालते. पण दोर पुढं सरकला तर बारकू आत जाणार, आणि मागं जास्त गेला तर पट्टा सुटून तो खाली येणार. हातभर, त्याहून जास्त नाही, कमी नाही. आणि कळ खाली स्थानकात, जिथून हा खांब दिसत नाही.

तिकीटवाला आता खाली पोचला होता. त्यानं वर बघितलं, चपला काढल्या आणि चढायला लागला. शिडी कुरकुरली. तो बारकूच्या पायाखाली आला आणि त्यानं आपला खांदा त्याच्या बुटाखाली दिला.

“टाक भार,” तो म्हणाला. “एवढं खाल्लंय ते कधीतरी कामाला यायचंच होतं.”

बारकूचा श्वास थोडा मोकळा झाला. ताई तिकीटवाल्याच्या अंगावरून कशीबशी खाली सरकत होती.

“मी खाली जाऊन मागं घेते. बरोबर साडेतीनला…”

“कुणाचे साडेतीन?” बारकूनं वरून विचारलं.

ताईच्या हातात फोन होता, पण त्यातली वेळ आता काही कामाची नव्हती. खाली गेल्यावर तो पुन्हा उडी मारेल, कधी मारेल कुणास ठाऊक. या खांबावरचे तीन आणि त्या खोलीतले तीन वेगळे होते, आणि मध्ये तिचा भाऊ अडकला होता.

“वाजायची वाटच बघायची नाही,” ती म्हणाली. “मावशी बघेल.”

“ताई.” तिकीटवाल्याच्या खांद्यावर उभा राहून बारकू तिच्याकडे बघायचा प्रयत्न करत होता, पण मान वळत नव्हती. “तूच ओढ. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.”

वळणावर तिनं मावशीला दोन वाक्यांत सांगितलं. इथून खांब दिसतो आणि स्थानकाची खिडकीही दिसते. या दोन्हीकडे एकदम बघू शकेल अशी ती एकच जागा. मावशीनं चहाचा मोठा ट्रे उचलला. तो वर धरला की सुरू करायचं. खाली टाकला की त्याच क्षणी थांबवायचं.

“माझे हात कापतायत गं,” मावशी म्हणाली.

“माझेपण,” ताई म्हणाली. “दोघींचे कापू देत. पण डोळे त्याच्यावरून काढू नकोस.”

ती उतरली, पडली, गुडघा फुटला, पुन्हा उतरली. स्थानकात लोक जमले होते, डब्यातल्या मुलींना उतरवलं होतं, आणि साहेब फळीपुढं पांढऱ्याफटक चेहऱ्यानं उभे होते. तिला बघून ते बाजूला झाले. तिनं चावी घातली. आधी ती नीट जाईना. मग गेली.

मागं घ्यायची कळ डावीकडे, पुढं न्यायची उजवीकडे. हे तिला झोपेतही माहीत होतं. तरी ती दोन्हींकडे बघत राहिली. डावी, मागं. डावी. तिनं उजवा हात पाठीमागं घेतला आणि मुठीत साडी घट्ट धरून ठेवली, तो हात चुकून पुढं येऊ नये म्हणून.

“कुणी बोलू नका,” ती म्हणाली. कुणी बोलतच नव्हतं.

खिडकीतून वळण दिसत होतं, टपरी दिसत होती, आणि टपरीपुढं मावशी, अंगठ्याएवढी. मावशी वर बघत होती. किती वेळ गेला, ताईला कळलं नाही, आणि तिनं फोनकडे बघितलंही नाही. मग ट्रे वर गेला. उन्हात चकाकला.

तिनं डावी कळ ओढली. मोठं चाक कण्हलं आणि उलटं फिरायला लागलं, मुंगीच्या पावलानं. दोर मागं सरकतोय ते तिला पायाखालच्या फरशीतून जाणवत होतं. बोटभर. वीतभर. आता पट्टा ढिला होत असेल. आता त्याचा पाय. आता…

ट्रे खाली पडला.

तिनं कळ सोडली. चाक थांबलं. वळणावर मावशी नव्हती. ट्रे तिथंच मातीत पडला होता आणि मावशी नव्हती, ती पळत खांबाकडे गेली होती. का गेली होती? तो सुटला म्हणून की पडला म्हणून? तिथून ओरडलं असतं तरी इथं ऐकू आलं नसतं. ताई खिडकीचा गज धरून उभी राहिली. साहेब मागं उभे होते, त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. वळण रिकामं होतं. ते रिकामंच राहिलं. तिच्या मनात आलं की आता कुणी आलंच नाही तरी आपण इथंच उभं राहायचं, कारण इथून हललो की कुणीतरी येऊन सांगणार, आणि ते ऐकायचं नाही.

मग वळणावर तिकीटवाला आला, अनवाणी. त्याच्या खांद्यावर हात टाकून, दुसरा हात छातीशी धरून, कमरेत वाकलेला बारकू. इतका वाकलेला, की पहिल्यांदाच त्याची उंची इतरांएवढी दिसत होती.

ताई खाली बसली आणि रडली. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, नाकातोंडातून पाणी येईपर्यंत.

त्याला बाकावर निजवलं. छातीवर पट्ट्याचा जांभळा वळ उठला होता, दोन फासळ्या दुखावल्या असाव्यात, डॉक्टर यायचे होते. बोटं दहाच्या दहा होती. ताईनं ती एकेक हातात घेऊन बघितली, पुन्हा बघितली. साहेब एका कोपऱ्यात फोनवर बोलत होते. नवा टॉवर, परकं नेटवर्क, तांत्रिक दोष, कुणाचीच चूक नाही, असं ते सांगत होते. बोलणं संपवून ते ताईपाशी आले.

“तुमच्यावर काही येणार नाही,” ते म्हणाले. “मी तसं लिहून देतो. फोननं घात केला. आदेश माझा होता.”

ताईनं मान हलवली. साहेब बाहेर गेले.

बारकूनं डोळे उघडले. “रडू नको गं,” तो कुजबुजला. बोललं की त्याला दुखत होतं. “घड्याळच चुकलं. तू काय करणार?”

सगळे तेच म्हणत होते. तिकीटवाला म्हणाला होता, मावशी म्हणाली होती, साहेब तर लिहूनच देणार होते. ताईनं फक्त मान हलवायची होती, एवढंच काम उरलं होतं. तिनं त्याची बोटं हातात धरली होती आणि तिला अजूनही भीती वाटत होती, खांबावर वाटली नव्हती इतकी.

“तुझं घड्याळ चुकलं, बारकू,” ती म्हणाली. “माझं बरोबर होतं. अगदी बरोबर तीन वाजले होते. म्हणूनच तर मी खिडकीत बघितलं नाही.”

बारकूनं डोळे मिटून घेतले, पण बोटं सोडवून घेतली नाहीत.